कॉपर-टी: बसवायला दहा मिनिटं, काढायला दोन, आणि घोळ सगळा तारखेचा

सोलापुरात तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवलेल्या बाईला ‘कधी बसवली?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘गड्ड्याच्या आसपास’, ‘धाकट्याच्या वेळी’, ‘नणंदेच्या लग्नाच्या आधी’. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा; ती कोणत्या वर्षीची, ते नवऱ्याला विचारून सांगते. ‘कोणती बसवली?’ याला तर उत्तरच नसतं. तांबी ती तांबी, त्यात कोणती काय? पण सगळं अडतं ते इथंच. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी एक दहा वर्षांची आहे, ३८०ए, आणि दुसरी पाच वर्षांची, ३७५, आणि दोघींनाही लोक एकाच नावानं ओळखतात.

आधी गुण सांगून टाकतो. वस्तू म्हणून कॉपर-टीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो पाळीत जास्त जाणाऱ्या रक्तासाठी. ती काढण्याच्या सेवेला, शहरातलं सरकारी-खासगी सगळं धरून, साडेतीन. हात बहुतेक ठिकाणी चांगले आहेत, मार्क गेले ते कागदावर. तांबी बसवल्यावर मिळणारं कार्ड अर्धवट भरलेलं, मॉडेल लिहिलेलं नाही, काढायची तारीख कोरी.

वस्तू जवळून

३८०ए ही इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, पांढऱ्या पॉलिथिलीनची. उंची ३६ मिलिमीटर, रुंदी ३२. उभ्या दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, साधारण १७६ मिलिग्रॅम. आडव्या दोन्ही हातांवर तांब्याची एकेक नळी बसवलेली, प्रत्येकी सुमारे ६८.७ मिलिग्रॅम. नावातला ३८० हा आकडा वजनाचा नाही, तांब्याच्या उघड्या पृष्ठभागाचा आहे: ३८० चौरस मिलिमीटर. दांडीच्या तळाला ३ मिलिमीटरची गोळी असते आणि तिच्यातून ओवलेल्या दोऱ्याच्या दोन शेपट्या खाली लोंबतात. काढताना सगळा खेळ या शेपट्यांचा. प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, त्यामुळे ती एक्स-रेत दिसते. सगळं सुरळीत असेल तर याची गरज पडत नाही, पण दोरा हरवला की पडते.

३७५ चा आकार वेगळा. हिचे हात आडवे ताठ नसतात. ते दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेसारखे खाली वळलेले, लवचीक, कडेला बारीक दातरे असलेले. तांबं फक्त दांडीवर, हातांवर नाही. हिची मुदत ५ वर्षं. बसवायला ही थोडी सोपी, कारण बसवायच्या नळीत हात दुमडून भरायची भानगड नाही. ३८०ए चे हात मात्र पाकिटातच दुमडून नळीत भरावे लागतात आणि भरल्यापासून पाच मिनिटांच्या आत तांबी बसवावी लागते. जास्त वेळ दुमडून राहिले तर ते गर्भपिशवीत गेल्यावर पुन्हा नीट उघडत नाहीत. आधी भरून ट्रेमध्ये ठेवून दिलेली तांबी घेऊ नये, ते यासाठी.

दोन्हींचं काम एकाच रीतीनं चालतं. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, बीजाशी गाठच पडू देत नाहीत. म्हणजे ही गर्भ पाडणारी वस्तू नव्हे. वर्षभरात शंभर जणींत एकीपेक्षाही कमी जणींना दिवस जातात. गोळी रोज आठवणीनं घ्यायची तसं हिचं काही नाही, म्हणून हा आकडा कागदावर राहत नाही, घरातही टिकतो.

तिसरी एक हार्मोनवाली मिळते, मुख्यतः खासगीत. तिच्यावर तांबं नसतं, तिनं पाळी वाढत नाही, उलट कमी होते. तिची मुदत आणि हिशेब वेगळा, तो या परीक्षणात नाही.

किती वर्षं

३८०ए: १० वर्षं. जागतिक आरोग्य संघटनेनं १२ वर्षांपर्यंत तिचा परिणाम टिकतो असं धरलं आहे, पण आपल्याकडे कार्डावर १० लिहितात आणि तेच पाळावं. ३७५: ५ वर्षं. खासगीत काही जणींना मल्टिलोड २५० बसवलेली असते, ती ३ वर्षांची.

‘आमच्या वेळी तीन वर्षांनी काढायची’ असं सासूबाई सांगतात ते खोटं नाही. त्यांच्या काळी सरकारात कॉपर-टी २०० होती आणि ती तीन-चार वर्षांत बदलावी लागे. त्याच्याही आधी, १९६५ पासून, तांबं नसलेला प्लास्टिकचा लूप होता. ३८०ए सरकारी कार्यक्रमात २००२ मध्ये आली आणि ३७५ त्यानंतर दहाएक वर्षांनी. घरोघरी तीन पिढ्यांचे तीन वेगळे आकडे चालतात, आणि शेजारीण सांगते तो चौथा.

आता एक चूक, जी शिकलेल्या घरांतही होते. पाकिटावर छापलेली तारीख ही तांबी *बसवण्याची* शेवटची तारीख असते, म्हणजे तोपर्यंत पाकीट निर्जंतुक राहतं. काढायची तारीख ती नव्हे. पाकिटावर २०२६ लिहिलंय म्हणून २०२३ मध्ये बसवलेली तांबी २०२६ ला काढायला येणाऱ्या बायका आहेत. वर्षं मोजायची ती बसवल्याच्या दिवसापासून. मार्च २०२४ मध्ये ३८०ए बसवली तर मार्च २०३४, मग पाकिटावर काहीही असो. आणि पाकिटातलं तांबं काळसर दिसलं तरी घाबरायचं नाही. पाकीट फाटलेलं नसेल, तारीख उलटलेली नसेल, तर काळवंडलेली तांबीही चालते.

मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी तांब्याचं विष होत नाही. होतं एवढंच की तिच्या भरवशाची हमी संपते. ३८०ए ला दहा वर्षं आणि चार महिने झाले असतील तर धावपळ नको, पण त्या महिन्यात जाऊन बदलून घ्या. ३७५ ला सहा वर्षं झाली असतील तर आधी गरोदरपणाची चाचणी, मग बदल.

चाळिशीनंतर बसवलेल्या ३८०ए चा हिशेब थोडा सैल असतो. ब्रिटनमध्ये चाळिशीत किंवा नंतर बसवलेली तांबी पाळी जाईपर्यंत ठेवतात. तिथला नियम असा: पाळी पन्नाशीनंतर गेली तर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, पन्नाशीच्या आत गेली तर दोन वर्षं थांबून काढायची. आपल्याकडे हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. न काढता विसरून मात्र जाऊ नका. पाळी गेल्यावर पिशवीचं तोंड आक्रसतं, दोरा वर ओढला जातो आणि दोन मिनिटांचं काम भूल देऊन करण्यापर्यंत जातं. शिवाय जुनी विसरलेली तांबी पिशवीत जंतुसंसर्ग धरून बसू शकते. साठीच्या बाईला अंगावरून घाण वास येणारं पाणी जातंय आणि तपासल्यावर वीस-पंचवीस वर्षांची तांबी सापडली, असं घडतं. आईला, सासूला एकदा विचारून बघा.

कार्ड हरवतं कुठे

सोलापूरची एक अडचण पुण्या-मुंबईच्या बायकांना कळणार नाही. इथल्या कितीतरी सुना बाळंतपणाला माहेरी जातात, आणि माहेर असतं कलबुर्गी, विजयपूर, बिदर, नाहीतर तेलंगणात. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर हे नेहमीचं. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तिथंच तांबी बसवतात, कार्ड कन्नडात नाहीतर तेलुगूत लिहिलेलं, आणि ते राहतं माहेरच्या कपाटात. इथं आल्यावर पाच वर्षांनी सिस्टर विचारते कोणती होती, तर कुणालाच माहीत नाही.

यावर उपाय साधा. डिस्चार्ज मिळतानाच कार्डाचा आणि डिस्चार्ज कागदाचा फोटो काढा आणि तो नवऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. कार्डावर चार गोष्टी हव्यात: मॉडेल, बसवल्याची तारीख, काढायची तारीख, आणि बाळंतपणानंतर लगेच बसवली की नंतर. यातली एक जरी कोरी असेल तर तिथल्या तिथे भरून घ्या. सिस्टर वैतागली तरी चालेल.

कार्ड नाहीच सापडलं तर सोनोग्राफी किंवा एक्स-रे. आकार बघून टी आहे की नाल, हे जाणकाराला कळतं. तारीख मात्र मशीन सांगत नाही. ती मुलाच्या जन्मदाखल्यावरून काढावी लागते, बाळंतपणात बसवली असेल तर.

कुठे जायचं

दोरा दिसतोय, त्रास नाही, मुदत संपलीय किंवा मूल हवंय, अशा साध्या कामासाठी सगळ्यात जवळचं महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र पुरतं. तांबी काढायला स्त्रीरोगतज्ज्ञच लागतो असं नाही. शिकलेली नर्स किंवा एएनएम (आरोग्यसेविका) सुद्धा काढते, आणि रोज काढणारी सिस्टर कधीकधी वर्षातून चार काढणाऱ्या डॉक्टरपेक्षा सफाईनं काढते. डफरीन चौकातलं महापालिकेचं प्रसूतिगृह शहराच्या मध्यावर, कुठूनही रिक्षानं सोयीचं. गावाकडच्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र.

दोरा सापडत नाही, पोटात दुखतं, बाळंतपणात सिझेरियनच्या वेळी बसवली होती, किंवा एकदा काढायचा प्रयत्न फसला आहे, तर आरोग्य केंद्रात वेळ घालवू नका. थेट अशा ठिकाणी जा जिथं सोनोग्राफी आणि ऑपरेशन थिएटर एकाच आवारात आहे: सिव्हिल, म्हणजे वैशंपायन महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, किंवा दुर्बिणीची सोय असलेलं खासगी. सिव्हिलला सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून स्त्रीरोग विभाग. सोबत जुने कागद.

महिन्याची ९ तारीख टाळा. त्या दिवशी सरकारी ठिकाणी गरोदर मातांची खास तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची. दोन मिनिटांच्या कामासाठी अर्धा दिवस बसावं लागतं. विडीच्या किंवा टॉवेलच्या कामावर रोज बुडवणाऱ्या बाईला तो अर्धा दिवस परवडत नाही. लसीकरणाचा वारही टाळावा. आशाताईला विचारून वार ठरवला की काम सोपं.

सरकारी ठिकाणी तांबी बसवणं-काढणं दोन्ही फुकट. खासगीत तांबीची स्वतःची किंमत किरकोळ. बिल वाढतं ते तपासणी फी, सोनोग्राफी आणि ‘थोडी भूल देऊन काढू’ यामुळे. दोरा दिसत असताना भूल कशाला, हे विचारायला लाजू नका. आणि कुठंही नवऱ्याची सही लागत नाही. ‘मिस्टरांना घेऊन या’ असं सांगून परत पाठवलं तर ती त्या टेबलाची पद्धत आहे, कायदा नव्हे.

काढताना नेमकं काय होतं

कोणत्याही दिवशी काढता येते. ‘पाळीत या’ असं सांगतात, कारण तेव्हा पिशवीचं तोंड जरा उघडं असतं आणि दिवस गेलेले नसल्याची खात्री असते. पण पाळीची वाट बघायलाच हवी असं नाही.

मूल नको असेल तर मात्र एक गोष्ट आधीच करायची, आणि ती बहुतेकांना कुणी सांगत नाही. काढण्याच्या आधीचे सात दिवस संबंध ठेवू नका किंवा निरोध वापरा. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. मंगळवारी संबंध, गुरुवारी तांबी काढली, शुक्रवारी बीज फुटलं, आणि तांबी ‘असताना’ दिवस गेले असं वाटतं. प्रत्यक्षात ती तेव्हा नव्हती. जुनी काढून त्याच वेळी नवी बसवायची असेल तरी हा नियम पाळलेला बरा, कारण नवी बसली नाही तर पंचाईत.

टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून. लघवी आधी करून यायची. स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं साधन) घालून पिशवीचं तोंड दिसलं की ते आयोडिनच्या बोळ्यानं पुसतात. तोंडातून दोन शेपट्या डोकावत असतात. त्या दोन्ही चिमट्यात धरून सरळ, सावकाश, एका लयीत ओढायच्या. झटका नाही. ओढताना तुम्हाला खोकायला किंवा दीर्घ श्वास सोडायला सांगतात. टीचे दोन्ही हात तोंडातून बाहेर येताना वर दुमडतात; तेवढाच क्षण पाळीच्या कळेसारखा जोरात दुखतो, मग संपलं. चिमटा लागल्यापासून बाहेर येईपर्यंत एक मिनिटही लागत नाही. सगळा वेळ जातो तो कपडे नीट करण्यात आणि धीर गोळा करण्यात.

अर्ध्या तासापूर्वी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेतली तर कळ कमी येते, फक्त ॲसिडिटी-अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारून. रिकाम्या पोटी जाऊ नका. काहींना लगेच चक्कर येते, घाम फुटतो, नाडी मंद होते. पिशवीचं तोंड ताणलं गेलं की असं होऊ शकतं. पाय वर करून दहा-पंधरा मिनिटं पडून राहिलं की जातं. टेबलावरून उतरून लगेच दुचाकीवर बसू नका.

ओढताना अडलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही. हा नियम काढणाऱ्याचा, पण तुम्हालाही माहीत असलेला बरा. जोरानं दोरा तुटतो, क्वचित टीचा हात तुटून आत राहतो. पिशवीला वाक जास्त असेल तर वुल्सेलम नावाच्या चिमट्यानं तोंड हलकं धरून पिशवी सरळ करतात आणि मग ओढतात. तरीही नाही आली तर ती भिंतीत रुतलेली असू शकते. मग सोनोग्राफी, मग दुर्बीण.

आणि हे काम घरी करू नका. दोरा बोटाला लागतो म्हणून ओढून बघणाऱ्या बायका आहेत. निम्मी खाली आलेली तांबी गर्भ रोखत नाही, दुखतं मात्र पुरेपूर.

दोरा सापडत नाही तेव्हा

सोलापुरी भाषेत ‘तांबी वर गेली’. ऐकून घरात रडारड सुरू होते, ‘काळजात जाईल’ असंही कुणीतरी म्हणतं. काळजात जात नाही. तसा रस्ताच नाही.

दोरा न दिसण्याची कारणं चार. एक, दोरा आत गुंडाळला गेलाय, तांबी जागेवर आहे. बहुतेक वेळा हेच असतं. दोन, तांबी पाळीत नकळत पडून गेली. पहिल्या वर्षात शंभरात दोन ते दहा जणींची पडते, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत जास्त, आणि बाळंतपणात बसवलेली आणखी जास्त. तीन, दिवस गेलेत आणि वाढत्या पिशवीनं दोरा वर ओढून घेतलाय. चार, तांबी पिशवी भेदून पोटात गेलीय. हे हजारात एक-दोन जणींत, आणि ते बहुतेक वेळा बसवतानाच झालेलं असतं.

तपासाचा क्रमही तसाच असायला हवा. आधी लघवीची चाचणी. मग पिशवीच्या तोंडात बारीक ब्रश फिरवून दोरा बाहेर येतो का बघतात. निम्म्या वेळा काम इथंच होतं. नाही आला तर सोनोग्राफी, शक्यतो खालून केलेली. तांबी पिशवीत दिसली तर बारीक चिमट्यानं किंवा हुकानं काढतात, आणि तेही जमलं नाही तर दुर्बिणीनं. सोनोग्राफीत पिशवीत नाही दिसली की पोटाचा एक्स-रे, छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंत. तिथं ते बेरियम कामाला येतं. एक्स-रेतही नाही म्हणजे पडून गेली. एक्स-रेत आहे पण पिशवीत नाही म्हणजे पोटात, आणि मग लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीनं काढणं. ‘सोनोग्राफीत नाही, म्हणजे पडली असेल’ म्हणून एक्स-रेशिवाय घरी पाठवलं, तर तो तपास अर्धवट. हे ठामपणे विचारा.

सिझेरियनमध्ये बसवलेल्या तांबीचा दोरा बऱ्याचदा खाली येतच नाही. तो दोष नाही. फक्त काढताना ब्रश, हुक लागेल याची तयारी ठेवायची.

दोरा टोचतो अशी नवऱ्याची तक्रार असेल तर तांबी काढायचं कारण नाही. बसवताना दोरा तोंडापासून ३ ते ४ सेंटिमीटर ठेवतात. तो आखूड करता येतो. आखूड केला तर कार्डावर तसं लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी ‘दोरा नाही’ म्हणून सगळी वरात सुरू.

मुदतीआधी काढावी का

पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, लांबते, कळा येतात. हा या वस्तूचा खरा तोटा आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आधीच रक्त कमी असलेल्या बायका खूप, म्हणून बसवण्याआधी हिमोग्लोबिन बघितलेलं चांगलं. पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक किंवा ट्रानेक्सॅमिक ॲसिड डॉक्टरांच्या सांगण्यानं, आणि लोहाच्या गोळ्या. सहा महिन्यांनीही चादरी खराब होत असतील तर काढून दुसरा उपाय धरा. सोसण्याचं बक्षीस कुणी देत नाही.

पण सात वर्षं गप्प असलेली तांबी आठव्या वर्षी अचानक रक्त वाढवत नाही. तेव्हा दोष दुसरीकडे शोधा: गाठ, थायरॉईड, तांबी खाली सरकणं. चाळिशीनंतर संबंधानंतर रक्त दिसलं तर पिशवीच्या तोंडाची तपासणी आधी. नुसती तांबी काढून घरी जाणं म्हणजे खऱ्या आजाराला आणखी सहा महिने देणं.

कंबरदुखीचं खापर तांबीवर फोडायची फार सवय आहे. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारीची कंबर तांबी नसली तरी दुखते. पांढरं जाणंही दर वेळी तांबीचं नसतं. खाज, वास, ताप असेल तर औषध घ्या. पिशवीला सूज आली तरी तांबी लगेच काढावीच लागते असं नाही. औषध सुरू करून दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला तर काढतात.

पाळी चुकली तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा. तांबी असताना दिवस जाणं दुर्मीळ, पण गेलेच तर गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त. पोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, खांद्यात कळ अशी लक्षणं असतील तर रात्री-अपरात्री सिव्हिलच्या अपघात विभागात. गर्भ पिशवीतच असेल आणि दोरा दिसत असेल तर पहिल्या तीन महिन्यांत तांबी काढून टाकणं चांगलं, मूल ठेवायचं असलं तरी. ठेवून दिली तर गर्भपात आणि संसर्गाचा धोका वाढतो.

एमआरआयसाठी तांबी काढावी लागत नाही. फक्त मशीनवाल्याला सांगायचं.

काढल्यानंतर

एक-दोन दिवस थोडं लाल दिसतं. ताप, वास येणारा स्राव, तासाला पॅड भिजणं, यातलं काही असेल तर परत जा. बाकी आंघोळ, काम, उपवास सगळं चालतं.

मूल हवं असेल तर ‘पिशवीला विश्रांती’ म्हणून तीन महिने थांबायची गरज नाही. पुढच्याच पाळीपासून दिवस जाऊ शकतात. नवी बसवायची असेल तरी मध्ये खंड लागत नाही. त्याच टेबलावर जुनी काढून नवी बसते. दुसरं साधन हवं असेल तर सरकारी ठिकाणी अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी मिळतं, छाया गोळ्या मिळतात, पहिले तीन महिने आठवड्यातून दोन, मग एक. अंतरा घेतलं तर पहिले सात दिवस निरोध.

नवऱ्यानं नसबंदी केली म्हणून तांबी लगेच काढू नका. ऑपरेशननंतर तीन महिने नळ्यांत जुने शुक्रजंतू असू शकतात. वीर्य तपासून ‘शून्य’ असा कागद हातात आला की मग काढा.

टेबलावरून उतरण्याआधी काढलेली तांबी ट्रेमध्ये बघून घ्या. मागायला संकोच नको. ती काळपट झालेली असेल, कधी पांढरट खर चढलेली, ते चालतं. टी असेल तर दोन्ही हात हवेत, दोन्ही हातांवर तांब्याची नळी हवी, दांडीवर तार हवी, तळाशी गोळी हवी. एखादा तुकडा कमी असेल तर तिथल्या तिथे सोनोग्राफी. सगळं पूर्ण असेल तर सिस्टर ती जैव कचऱ्याच्या डब्यात टाकेल. घरी न्यायला मागणाऱ्याही भेटतात, तांबं आहे म्हणून. एका तांबीत तांबं भरतं सगळं मिळून ग्रॅमच्या एक तृतीयांशाहूनही कमी.